"नुसतं टायपिंग करते" असं म्हणू नकोस

पत्राचा सारांश: निफाड तालुक्यातल्या २६ वर्षांच्या एका वाचक मुलीने लिहिलं आहे. ती बी.कॉम. आहे आणि तीन वर्षांपासून नवी मुंबईतल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (गिऱ्हाइकांचा माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणाऱ्या) कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम करते. हातात २४ हजार पगार येतो. वर्षभरापूर्वी ऑफिसात एक सॉफ्टवेअर आलं, ते इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट वाचून बिल ऑफ लेडिंगचा (जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीचा) मसुदा आपोआप भरतं. त्यानंतर सहा जणींच्या टेबलावर चौघी उरल्या. एका संस्थेने तिला सप्लाय चेन मॅनेजमेंटचा एक वर्षाचा पूर्णवेळ डिप्लोमा सुचवला आहे. फी साडेचार लाख, "शंभर टक्के प्लेसमेंट". वडील निर्यातदाराला द्राक्षं देतात आणि फीसाठी बागेवर कर्ज काढायला तयार आहेत. मामांचं म्हणणं, ट्रकवाल्यांच्या धंद्यात मुलीने काय करायचं, बँकेच्या परीक्षा दे. तिला ऑपरेशन्सला जावंसं वाटतं, पण मॅनेजर म्हणाले की मुलींना यार्डात पाठवत नाही. ती विचारते, "ताई, मी नुसतं टायपिंग करते. कोर्स करून खऱ्या सप्लाय चेनमध्ये जाऊ, की हे क्षेत्रच सोडू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली, तो शब्द "नुसतं". आधी त्याच्याबद्दलच बोलू या, कारण तुझ्या पत्रातली भीती बरीचशी तिथूनच आली आहे.

तू दिवसभर काय करतेस ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकत असेन तर कळव. शिपरचे, म्हणजे माल पाठवणाऱ्याचे, कागद आले की पेट्यांची संख्या, वजन, एचएस कोड (वस्तूचा कस्टम्स वर्गीकरणाचा क्रमांक), कंटेनर नंबर, सील नंबर एकमेकांशी जुळतात का ते पाहतेस. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन) वेळेत गेलं का आणि एसआयचा (जहाज कंपनीला द्यायच्या सूचनांचा) कट-ऑफ चुकत तर नाही ना, यावर तुझा एक डोळा असतो. फॉर्म १३, म्हणजे कंटेनर बंदरात घ्यायचा परवाना, निघाला नाही की गाडी गेटवर अडते आणि ड्रायव्हर रात्री साडेनऊला तुलाच फोन करतो. बिल ऑफ लेडिंग हा मालावरच्या हक्काचा कागद. एल.सी. (बँकेची पैशांची हमी) असेल तर बँक तो पाहूनच पैसे सोडते. त्यावर तारीख किंवा नाव चुकलं, तर माल पोचूनही शेतकऱ्याचे किंवा कारखानदाराचे पैसे अडकून पडतात. हे काम करताना बोटं की-बोर्डवर असतात, एवढ्यावरून तू त्याला टायपिंग म्हणतेस.

माझी एक चूक सांगते. १९९८ साली मी तुझ्यासारख्याच टेबलावर बसत होते. दुबईला डाळिंबांचा एक रीफर, म्हणजे थंड कंटेनर, जायचा होता, माल सांगोल्याकडचा. आदल्या दिवशी मी गोठवलेल्या कोळंबीचं बुकिंग केलं होतं. तोच कागद समोर ठेवून नवा भरला. शिपरचं नाव बदललं, मालाचं नाव बदललं, जहाजाचं नाव बदललं, तापमान मात्र तेच राहिलं, उणे १८. डाळिंबाला लागतं अधिक पाच. रिकामा रीफर यार्डातून सोडण्याआधी मशीन तपासून तापमान लावणारा एक टेक्निशियन होता. त्याने ऑफिसात फोन केला, "मॅडम, कागदावर डाळिंब लिहिलंय आणि तापमान कोळंबीचं. नक्की काय भरणार आहात?" मी फाईल उघडली आणि पायाखालची जमीन सरकली. त्याने विचारलं नसतं, तर कोणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचे दगड होऊन दुबईला उतरले असते. आजही रीफरचं बुकिंग दिसलं की माझी नजर पहिल्यांदा तापमानाच्या रकान्यावर जाते.

तुमच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर मी त्या दिवशी केलं तेच करतं, फक्त फार भराभर. मागचा नमुना पाहून पुढचा भरतं. काही चुका ते आपल्यापेक्षा चांगल्या पकडतं. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-अंकांवरून काढलेला असतो, तिथे एक अंक इकडचा तिकडे झाला तर मशीन लगेच ओरडतं. ते काम मशीनला खुशाल देऊन टाक. पण पेटीत काय आहे, ते कसं राहतं, कोणत्या देशात कशावरून अडतं, हे ज्याला ठाऊक असतं तोच त्या टेक्निशियनसारखा फोन करतो. तू त्या जागेवर जायचं आहेस. आणि हेही लपवत नाही की त्या जागा कमी असतील. सहाच्या चार झाल्या, चारच्या दोन होतील. नुसते रकाने भरणाऱ्याला या धंद्यात फार दिवस राहिलेले नाहीत. तुझी भीती खोटी नाही.

हा बदल तुझ्या ऑफिसपुरताही नाही. ३१ ऑक्टोबर २०२० पासून आयातीचं फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) आता बहुधा दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. आमच्या काळी "साहेबांना भेटून समजावून सांगणारा" माणूस ऑफिसचा हुकमी एक्का असायचा. आता समोर साहेबच नसतो, स्क्रीनवर क्वेरी येते आणि तिला चार ओळींत नेमकं, पुराव्यासकट उत्तर लिहावं लागतं. ज्याला ते लिहिता येतं त्याचा माल सुटतो. बिल ऑफ लेडिंगचंही तसंच. आपल्याकडचा १८५६ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. नऊ मोठ्या शिपिंग लाइन्सनी २०३० पर्यंत सगळी बिलं इलेक्ट्रॉनिक करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. कागद जाईल, पण कागदातला मजकूर बरोबर आहे की नाही हा प्रश्न तसाच राहील.

आता "खरी सप्लाय चेन". संस्थांच्या माहितीपत्रकांमुळे असा समज झालाय की फॉरवर्डिंग, क्लिअरिंग, ट्रान्सपोर्ट ही खालची कामं आणि सप्लाय चेन म्हणजे काचेच्या इमारतीतलं वेगळं काहीतरी. कच्चा माल मागवण्यापासून गिऱ्हाइकाच्या दारात वस्तू पोचेपर्यंतची सगळी साखळी म्हणजे सप्लाय चेन, आणि तू तिच्या मधल्याच एका कडीवर उभी आहेस. मागणीचा अंदाज बांधणं, साठा किती ठेवायचा ते ठरवणं, खरेदी, या नोकऱ्या कंपन्यांमध्ये असतात आणि चांगल्या असतात. पण तिथे बहुधा इंजिनिअर किंवा नावाजलेल्या संस्थेतले एमबीए घेतात. एका वर्षाच्या अनोळखी डिप्लोमाने ते दार उघडेल असं मला वाटत नाही. तुझ्यासाठी दुसरं दार आहे. चाकण, रांजणगाव, सिन्नर, अंबडच्या कारखान्यांना एक्स्पोर्ट-लॉजिस्टिक्ससाठी माणूस लागतो, तेव्हा फॉरवर्डरकडे हात काळे केलेला माणूस त्यांना हवाच असतो. फॉरवर्डरच्या बिलात कुठे काय जास्तीचं लावतात हे त्यालाच कळतं.

साडेचार लाखांचा हिशेब कागदावर मांडू. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण ९,८०० रुपये बसतो आणि एकूण फेड ५ लाख ८७ हजारांच्या आसपास जाते. कोर्स पूर्णवेळ, म्हणजे वर्षभराचा तुझा २ लाख ८८ हजार पगारही गेला. मिळून पावणेनऊ लाख होतात. कोर्सनंतर तुला ३० हजारांची नोकरी लागली, तर वाढलेले सहा हजार हप्त्यालाही पुरत नाहीत. आणि हे कर्ज बागेवर. अवकाळी पावसाच्या एका रात्रीत द्राक्षबागेचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. वडील तयार आहेत ते तुझ्यावरच्या मायेपोटी. माया असली तरी हप्ता चुकत नाही.

तरीही कोर्स करावासा वाटला, तर संस्थेला आधी चार गोष्टी लेखी विचार. गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या किती जणांना कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगारावर नोकरी लागली. त्यातल्या कोणाशी बोलता येईल. प्लेसमेंट म्हणजे नेमणूकपत्र की नुसती मुलाखतीची सोय. मध्येच सोडलं तर फीतले किती पैसे परत. उत्तर फोनवरच देऊ लागले आणि लेखी द्यायला कां-कू करू लागले, तर तुझं उत्तर तुला मिळालं. शिकूच नको असं मी म्हणत नाही. नोकरी सांभाळून शिक, आणि तुझ्या पगारातून भरता येईल एवढ्याच फीचं शिक. वाचणाऱ्यांमध्ये बारावीची मुलं असतील तर त्यांच्यासाठी सांगते, वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठ हे २०२२ पासून याच विषयांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, खासगी संस्थेत लाखो रुपये ओतण्याआधी तिथली माहिती काढा.

तुझ्यासाठी मला जास्त उपयोगाचं वाटतं ते कस्टम्सचं जी-कार्ड. कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्याच्या, माणसांना एच, जी, एफ अशी कार्डं असतात. एच-कार्डवाला मदतनीस. जी-कार्डासाठी कस्टम्सची परीक्षा द्यावी लागते, आणि ते हातात आलं की कागदांवर सही करायचा अधिकार येतो. पदवीधराला जी-कार्डावरचा किमान दोन वर्षांचा अनुभव झाला की पुढे स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. तुझी कंपनी निव्वळ फॉरवर्डिंग करत असेल, तर कस्टम्स ब्रोकरचा परवाना असलेल्या फर्ममध्ये जागा शोधावी लागेल. या परीक्षेचा अभ्यास म्हणजे कायदा, एचएस कोडचं वर्गीकरण, मूल्यांकन. कंटाळवाणा आहे, खोटं बोलणार नाही. पण एकाच वस्तूला दोन कोड लागू होतायत आणि ड्युटीत मोठा फरक पडतोय, अशा वेळी कोणता कोड का, हे सांगू शकणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअर उठवत नाही.

मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदातून. तिथे तू जाता जाता लिहिलंस, "घरी द्राक्षबाग आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही." अगं, संबंध आहे! तू बागेत वाढलीस. प्लॉट रजिस्ट्रेशन म्हणजे काय, रेसिड्यूचा (औषधांच्या अंशांचा) नमुना कधी घेतात, पॅकहाऊसला पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) कसे भरतात, पेटीत ग्रेपगार्डचा (बुरशी रोखणारा) कागद का टाकतात, हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. तुझ्या टेबलावरच्या इतर तिघींना "फायटो" (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) म्हणजे एक पीडीएफ. तो अडला तर कोणाच्या घरी चूल थंड पडते, हे तू पाहिलेलं आहेस. २०१० च्या हंगामाबद्दल वडिलांना विचार. द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले, ज्याला आपल्याकडे लिहोसिन म्हणतात, आणि युरोपात माल अडकला. त्या वर्षी काय झालं ते नाशिकच्या कुठल्याही जुन्या बागायतदाराला पाठ आहे. अलीकडचं तर तुझ्या नोकरीतच घडलं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, आणि रॉटरडॅमचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. लोखंडाच्या कंटेनरला त्याने फक्त भाडं वाढलं. द्राक्षाच्या कंटेनरला मात्र घडाची दांडी हिरवी राहते की तपकिरी पडते, हा प्रश्न झाला. अशा वेळी शून्य अंशावर किती दिवस माल टिकेल, कोणती सेवा कमी ठिकाणी थांबते, कोणत्या बंदरावर ट्रान्सशिपमेंटला (जहाज बदलताना) रीफरचा प्लग मिळेल, हे शिपरला फोनवर सांगणारा माणूस सोन्यासारखा असतो. नाशवंत मालाचा रीफर हा तुझा विषय होऊ शकतो. त्यासाठी साडेचार लाख लागत नाहीत. येत्या हंगामात रीफरच्या फाईली मागून घे.

यार्डाबद्दल. तुझ्या मॅनेजरचं बोलणं मी सरसकट उडवून लावणार नाही, कारण मी त्या यार्डात उभी राहिले आहे. पहिल्यांदा द्रोणागिरीच्या बाजूच्या एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) गेले तेव्हा बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता काढलं. रात्री परतायला वाहन नव्हतं. अडचणी होत्या त्या या, आणि त्या सोडवता येण्यासारख्या असतात. "मुलींना पाठवत नाही" हा काही त्यांच्यावरचा उपाय नव्हे. म्हणून मागणी अशी कर की नाही म्हणणं अवघड जाईल. "सर, मला बदली नकोय. महिन्यातून दोन दिवस, दिवसाउजेडी, आपल्या ऑपरेशन्सच्या माणसाबरोबर कंपनीच्या गाडीने सीएफएसला जाऊ द्या. माझ्या कागदांतल्या चुका कमी होतील." एवढंच. एकटीने रात्री जाऊन धीटपणा सिद्ध करायच्या फंदात पडू नकोस. तिथे गेलीस की डॉक स्टफिंग (कंटेनरमध्ये माल भरणं) पाहा, सील मारताना नंबर कोण टिपतो ते पाहा, कस्टम्सच्या तपासणीसाठी उघडलेला कंटेनर पाहा. सर्व्हेअर, मुकादम, क्रेनवाला, प्रत्येकाला एक प्रश्न विचार, "आमच्या ऑफिसच्या कागदांमुळे तुमचं काम कुठे अडतं?" माझं निम्मं शिक्षण या एका प्रश्नावर झालं.

मामांना उलटून बोलू नकोस. मालवाहतूक म्हटल्यावर त्यांना धाब्यावर झोपलेला ड्रायव्हर आठवतो, आणि ड्रायव्हरांचे हाल खरेच आहेत. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, एवढ्या साध्या गोष्टीला २०२५ उजाडावं लागलं. बँकेच्या परीक्षांचा सल्ला वाईट नाही. क्लार्कसाठी २८ आणि पीओसाठी ३० अशी वयाची मर्यादा असते, राखीव प्रवर्गांना सवलत असते, म्हणजे तुझ्याकडे थोडाच काळ आहे. प्रश्न असा, की तुला बँकेत काम करावंसं वाटतं का? पत्रात बँकेबद्दल एक ओळ आहे आणि रात्री साडेनऊला अडकलेली गाडी सोडवल्याबद्दल सात ओळी. मी मोजल्या.

तुझ्यासारखी आणखी काही पत्रं आली आहेत, त्यांना इथेच थोडक्यात. भिवंडीच्या गोदामात पिकिंग-पॅकिंग करणाऱ्या मुलांनो, २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणून मोठी गोदामं उभी राहिली. समृद्धी महामार्गही आता तुमच्याच तालुक्यात आमणेला येऊन मिळते. काम वाढणार आहे, पण पिकिंगमध्येच वर्षानुवर्षं राहू नका. वर्षभरात डब्ल्यूएमएस (गोदामाचं सॉफ्टवेअर) शिकून घ्या, स्टॉक मोजणीत हात घाला, रिटर्नचा विभाग मागून घ्या. घरी दोन-तीन ट्रक असलेल्यांनी परतीच्या भाड्याचा हिशेब लिहायला सुरुवात करा. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, एका दिवसाला २०० किलोमीटर धरतात. गाडी बंद पडली तर मुदत कशी वाढवायची, हे घरातल्या एकाला तरी यायला हवं. आणि वाढवण बंदराच्या नावाने "आत्ताच पैसे भरा, नोकरी पक्की" असं कोणी सांगत असेल तर त्याला दारातही उभं करू नका. ७६,२०० कोटींच्या त्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, बांधकामालाच वर्षं जाणार आहेत, आणि तिथल्या मच्छीमारांचा पोटापाण्याचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. तोवर न्हावा शेवा आहेच. २०२४-२५ मध्ये तिथून ७० लाख टीईयूंहून (टीईयू म्हणजे वीस फुटी एक कंटेनर) अधिक वाहतूक झाली.

तुझ्यापुरतं, येत्या सोमवारी काय करशील ते सांगते. सॉफ्टवेअरने भरलेल्या मसुद्यांमध्ये तू रोज ज्या दुरुस्त्या करतेस, त्यांची एक एक्सेल शीट उघड. तारीख, शिपर, काय चुकलं होतं, तसंच गेलं असतं तर काय झालं असतं. डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा दंड) किती दिवसांचं बसलं असतं, बिल ऑफ लेडिंग दुरुस्तीचे किती पैसे गेले असते, हेही लिही. तीन महिने भर. पगारवाढीचं बोलायला जाशील तेव्हा "मी तीन वर्षं इथे आहे" याऐवजी ती शीट समोर ठेव. मॅनेजरने मान हलवून विषय बदलला, तर तीच शीट घेऊन दुसरीकडे मुलाखत दे. मुलाखतीला नेताना शिपरची नावं मात्र काढून टाक.

आणि आज रात्री घरी फोन कर. कर्जाचं तूर्त थांबवा असं वडिलांना सांग. त्यांना वाईट वाटू नये म्हणून लगेच कामाचं विचार. पॅकहाऊसला प्रीकूलिंग झाल्यावर गाडी भरताना मण्याच्या गराचं तापमान कोण मोजतं, किती वाजता मोजतं आणि कोणत्या कागदावर लिहितं. तो कागद तुझ्या टेबलापर्यंत कधी आलाय का, ते उद्या ऑफिसात शोध.

तुझी,
ताई